बुधवार नसलेला आठवडा

धारवाडच्या सप्तापुरात मला ज्या घरी खोली मिळाली, त्या घराच्या मालकांना डावं-उजवं चालत नसे. पहिल्या दिवशी मी वळकटी डोक्यावर घेऊन अंगणात उभा राहिलो, तर ते ओट्यावरून म्हणाले, "पश्चिमेकडून चढा. पूर्वेकडची पायरी निसटलीय." दुपारचे बारा वाजले होते, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि गाव मला नवीन. मी देवाचं नाव घेऊन पाय टाकला तो नेमका निसटलेल्या पायरीवर. वळकटी आधी घरात गेली, मागून मी.

आतून बाईंचा आवाज आला, "पडला का? अहो, माणसाला त्याच्या हाताची बाजू सांगावी. आभाळाची काय सांगता?"

"बाजू माणसाबरोबर फिरते," मालक म्हणाले. "दिशा फिरत नाही."

हे वाक्य पुढच्या तीन वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलं, की अजूनही रस्त्यावर कुणी 'डावीकडे वळा' म्हटलं तर मी क्षणभर थांबतो.

मालक मोजणी खात्यात होते. साखळी आणि झेंडे घेऊन लोकांच्या शेतांचे बांध मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. 'अमुक बांधाच्या उत्तरेस, तमुक ओढ्याच्या नैर्ऋत्येस' असं लिहून लिहून त्यांच्या बोलण्यातून डावं आणि उजवं कधी तरी गळून पडलं असावं. जेवताना ते म्हणत, "दक्षिणेला लिंबाची फोड नाही." चष्मा हरवला तर, "वायव्येच्या कोनाड्यात बघ." सदरा घालतानासुद्धा पूर्वेकडचा हात आधी. त्यामुळे तोंड ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे कधी हा हात आधी आत जाई, कधी तो. अक्कांना हे सगळं पाठ होतं. त्या न बघता लिंबाची फोड बरोबर दक्षिणेला ठेवीत.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं, पण आळीतली लहानथोर सगळी त्यांना अक्काच म्हणत.

मी अळणावरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला. माझ्या वडिलांना सही येते, पण ती करताना ते श्वास धरून ठेवतात. खोली ठरवताना जेवणाचं बोलणं झालं होतं, कुठं बसायचं ते मात्र ठरलं नव्हतं. मी शेतकऱ्याचा मुलगा आणि ते ब्राह्मणाचं घर; म्हणून मी आपणहून ताट घेऊन ओट्याच्या टोकाला बसलो. अक्का बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या.

"बारो तम्मा, आत ये. मार्सेलीसला खलाशाच्या हातचं पाणी प्यायले, योकोहामाला मासळीच्या टोपल्यांशेजारी बसून भात खाल्ला. आता तुझ्यापासून विटाळ पाळायला लागू होय?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. धारवाडात कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मार्सेलीसचं आणि योकोहामाचं. ही नावं मी नकाशात कशीबशी वाचली होती. ती या नऊवारी नेसलेल्या बाईंच्या तोंडात शेजारची उणकल आणि नवलूर असल्यासारखी होती.

गोष्ट अशी होती की बारा-तेरा वर्षांपूर्वी, पेन्शन झाल्याबरोबर, या दोघांनी पृथ्वीभोवती एक फेरी मारली होती. आपला शेताचा वाटा मालकांनी विकला आणि दोघं जानेवारीत धारवाडच्या स्टेशनवर गाडीत बसली. म्हणजे त्यांची गाडी आमच्या अळणावरवरूनच गेली असणार, आणि मी तेव्हा शेतात कुठं तरी चिखलात बसलेलो असेन. मुंबईहून बोटीनं एडन, सुएझ, मार्सेलीस. मग लंडन. पुन्हा बोटीनं न्यूयॉर्क, रेल्वेनं सगळी अमेरिका ओलांडून सॅन फ्रान्सिस्को, तिथून होनोलुलू, योकोहामा, सिंगापूर, कोलंबो, आणि घर. सात महिने लागले. "सगळा वेळ पश्चिमेकडं तोंड," मालक अभिमानानं सांगत. "सरळ रेघ ओढत गेलो आणि रेघेचं टोक पुन्हा आमच्याच दारात आलं."

त्या प्रवासातून ते पूर्णपणे परत आलेच नव्हते. ओट्याला ते 'डेक' म्हणत. तिथं दोन वेताच्या खुर्च्या पश्चिमेकडं तोंड करून ठेवलेल्या असत आणि रोज अकरा वाजता दोघं त्यांत बसून लिंबाचं सरबत घेत, कारण बोटीवर अकरा वाजता काही तरी मिळत असे. घरापासून विहिरीपर्यंतची अरुंद बोळ म्हणजे सुएझ. न्हाणीघर नायगारा. माझ्या खोलीवर पत्रे होते आणि ती एप्रिलमध्ये तापत असे, म्हणून ती एडन, आणि मी 'एडनकर'. "ओ एडनकर, सुएझमधून दोन बादल्या आणा," अशी हाक आली की मी निघायचो. कपाटांच्या फळ्यांना त्यांनी बोटीवरच्यासारख्या आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या, कपबशा घसरू नयेत म्हणून. धारवाडात कपबशा का घसरतील, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अक्का म्हणाल्या, "यांचं घर अजून हलतंय. ठोकू दे पट्ट्या."

पृथ्वी दाखवायला त्यांच्याकडं गोल नव्हता. ते नारळ वापरत. शेंडी म्हणजे उत्तर ध्रुव, धारवाडच्या जागी कुंकवाचं बोट, आणि बाकीचे देश कोळशानं काढलेले. नारळ फार जुना होऊ दिला तर आतून कुजतो, म्हणून अक्का अधूनमधून तो फोडत आणि मालक नव्या नारळावर पुन्हा सगळे खंड काढीत बसत. एकदा मी जेवताना चटणी चांगली झाली आहे असं म्हणालो, तर अक्का म्हणाल्या, "मागच्या दिवाळीचं जग आहे ते."

एकाच प्रवासाला दोघं गेली होती, पण दोघांच्या आठवणी एकमेकींना भेटत नसत. मालकांच्या वहीत दर दिवसाचे अक्षांश-रेखांश होते. लंडनबद्दल ते म्हणत, "साडेएक्कावन्न उत्तर." अक्का म्हणत, "धुणं चार दिवस वाळलं नाही." नायगाराची उंची, रुंदी, दर मिनिटाला पडणारं पाणी, हे सगळं मालक सांगून झाल्यावर अक्का हळूच म्हणत, "एवढं पाणी, आणि एक बाई धुणं घेऊन आलेली नाही!" अटलांटिकवर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी गोरी बाई बसे. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. त्या बाईनं अक्कांना लोकरीचं विणकाम शिकवलं आणि अक्कांनी तिला कापसाच्या वाती वळायला शिकवलं. न्यूयॉर्क येईपर्यंत एक डबा भरून वाती झाल्या. तो डबा अजून देवघरात होता. अक्का रोज त्यातली वात घेत नसत. सणाच्या दिवशी घेत. "तिच्या वाती जरा जाड आहेत," म्हणत, "पण जळतात सावकाश."

आसपासच्या शाळांत मालकांना कुणी कुणी व्याख्यानाला बोलवी. एकदा उणकलला बोलावलं होतं, मी नारळ धरायला बरोबर गेलो होतो. मालकांनी रेखांशांनी सुरुवात केली आणि अर्ध्या तासात पुढची रांग पेंगायला लागली. शेवटी एक म्हातारा शेतकरी उठला. "रावसाहेब, तिकडं जोंधळा होतोय काय?" मालक विषुववृत्तापासून समजावायला लागले. बायकांच्या बाजूनं अक्कांचा आवाज आला, "होत नाही. म्हणूनच परत आलो." सगळी शाळा हसली. मालक पण हसले, पण परतताना टांग्यात म्हणाले, "विषुववृत्ताचं राहूनच गेलं."

अक्कांचा एक शब्द होता. 'इरलि बिडु.' असू दे, सोड. मार्सेलीसला त्यांची एक पेटी हरवली, तिच्यात लग्नातला शालू होता. इरलि बिडु. परत आल्यावर नातेवाइकांनी समुद्र ओलांडला म्हणून दोन वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. इरलि बिडु. मी पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झालो आणि तोंड लपवून एडनमध्ये पडून राहिलो, तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "ऊटा आतेनो? जेवून घे आधी. इंग्रजी काय, पुढच्या वर्षी तिथंच असेल. इरलि बिडु." त्यांच्या तोंडून तो शब्द आला की गोष्ट खरंच सुटल्यासारखी वाटे.

फक्त एका गोष्टीला त्यांनी तो शब्द कधी लावला नाही. ती गोष्ट बुधवारची.

ती मला दुसऱ्या वर्षी कळली. ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली होती. आमच्या खेड्यात त्या दिवसाला कारहुण्णिमे म्हणतात. बैलांची शिंगं रंगवून त्यांना गावातून पळवतात. मी घरी जायच्या गडबडीत होतो. अक्का वडाच्या पूजेसाठी सुताची गुंडी करत होत्या, मी लड हातांवर धरून बसलो होतो. मी सहज म्हणालो, "बोटीवर असताना वटपौर्णिमा कशी केली, अक्का? तिथं वड कुठला?"

त्यांचा हात थांबला.

"वड नव्हता, पण मी डोलकाठी बघून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "लाकूडच ते. तिला सात फेऱ्या घालीन म्हटलं, खलाशी हसले तर हसू देत. सूत इथूनच नेलं होतं. पंचांगात पौर्णिमा बुधवारी होती. मंगळवारी बोटीवर पाटी लागली की उद्या गुरुवार."

"मधला बुधवार?"

"तेच मी यांना विचारलं. हे म्हणाले, तारखेची रेषा ओलांडतोय, पश्चिमेकडं जाताना एक वार गाळायचा असतो. मी म्हटलं, मग उपास कधी करू? तर म्हणाले, जो दिवसच नाही त्याचा उपास कसला? म्हणून मंगळवारी मी जेवले. संध्याकाळी डेकवर आले तर समोर हा एवढा चंद्र. पुरा गोल. मी म्हटलं, अहो, पौर्णिमा तर आज दिसतेय! हे म्हणाले, पंचांगात बुधवार आहे. सकाळी उठले तर गुरुवार. पुन्हा चंद्र उगवला तेव्हा एका कडेनं झिजलेला." त्यांनी सुताचा पीळ बोटाला घट्ट गुंडाळला. "चंद्र काय कप्तानाला विचारून उगवतो, तम्मा? मला कळायला पाहिजे होतं."

मी काही तरी बोलायचं म्हणून बोललो, "एकच वर्ष राहिलं ना..."

"सात जन्मांसाठी करायचं असतं ते. एक जरी सुटलं की सातांतला एक गेला. एका जन्मी हे नाहीत." मग, अगदी हळू, "आणि तो पुढचाच असला तर?"

त्यांनी दोन शास्त्र्यांना विचारून बघितलं होतं. एक म्हणाले, समुद्रावर व्रतच लागू नाही. दुसरे म्हणाले, समुद्र ओलांडला तिथंच सगळं संपलं. दोघांच्या उत्तरांनी त्यांना बरं वाटलं नाही.

मालकांना ही भीती ठाऊक होती. त्यांनीच ती घातली होती, असं ते मानत. त्याच बोटीवर त्यांनी अक्कांना शब्द दिला होता. पश्चिमेकडं जाताना वार गळतो, तसा पूर्वेकडं जाताना एक वार दोनदा येतो. "तुला पूर्वेकडून नेतो. तुझा बुधवार तुला परत आणून देतो." हा त्यांच्यासाठी मोजणीचा साधा हिशेब होता, बांध चुकला तर उलट बाजूनं पुन्हा साखळी टाकायची. परत आल्यापासून दर वर्षी ते पंचांग आणि बोटींची वेळापत्रकं समोर घेऊन बसत. ज्येष्ठ पौर्णिमेला कुठली बोट त्या रेषेवर असेल ते शोधून काढत. एक वर्ष त्यांचा भाऊ आजारी पडला, एक वर्ष बोट दोन दिवस आधी निघत होती, एक वर्ष अक्काच म्हणाल्या की घर टाकून कसं जायचं. तरी कोलंबोचं लेबल लावलेली पेटी पलंगाखाली भरलेली असे. हुबळीला दाजीबानपेठेत एका कापडाच्या व्यापाऱ्याकडं मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं येत. मालक पंधरवड्यातून एकदा गाडीनं जाऊन त्यांतली बोटींच्या आगमन-निर्गमनाची कात्रणं घेऊन येत.

मग, मी धारवाडला येण्याआधीच, लढाई सुरू झाली. कात्रणं लहान होत गेली. जपान लढाईत उतरलं त्यानंतर एकदा मी त्यांच्याबरोबर हुबळीला गेलो होतो. व्यापाऱ्यानं गठ्ठा पुढं केला, मालकांनी सगळा चाळला, आणि एकही कात्रण न घेता घडी घालून परत दिला.  स्टेशनकडं चालताना म्हणाले, "एडनकर, मी पुनर्जन्म मानत नाही."

मी "हो" म्हणालो.

"पण ती मानते. आणि तिच्या पुढच्या जन्मात मी नाही, हे मला चालत नाही."

 मला वेळेवर कधीच काही सुचत नाही. वर्गातसुद्धा उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात अक्कांचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलं; पायऱ्या चढायच्या नाहीत, उन्हात जायचं नाही. वड आमच्या घरापासून फार लांब नव्हता, तरी पाच मिनिटांची चढण होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाल्या, "या वर्षीही राहणार वाटतं." एवढंच. मालक उठून सुएझमधून विहिरीकडं गेले आणि तिथं बराच वेळ उभे राहिले.

कुणी म्हणालं, फांदी तोडून आणा. अक्कांना ते पटेना. ज्याच्याकडं आयुष्य मागायचं त्याचीच फांदी तोडायची कशी? मी त्या वर्षी कारहुण्णिमेला घरी गेलो नाही. वडिलांना पत्र टाकलं की बैलांना माझ्या वतीनं गूळ द्या. विहिरीच्या कठड्यात, दगडांच्या फटीत, वडाचं एक वीतभर रोप उगवलेलं मी पाहिलं होतं. पौर्णिमेला सकाळी ते मी मुळासकट सांभाळून काढलं आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात माती भरून लावलं. सहा पानं होती. अक्कांनी ती मोजली, आणि हसल्या. "हा माझ्याहून अशक्त आहे."

डबा चौरंगावर ठेवला. अक्का खुर्चीत बसल्या, पाय उशीवर. पूजा झाली, आंबा ठेवला. आता फेऱ्या. उठून फिरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बसूनच डब्याभोवती सूत गुंडाळायला घेतलं. पलीकडच्या बाजूला त्यांचा हात पोचत नव्हता. तिथं गुंडी मी हातात घ्यायची आणि वळसा पुरा करून त्यांच्या हातात द्यायची, असं ठरलं. पहिल्याच वळशाला मी चुकीच्या बाजूनं घेतलं.

"अय्यो, उलटं नको रे!" अक्का ओरडल्या. "झाड उजव्या हाताला राहिलं पाहिजे. उजवी प्रदक्षिणा घालतात. उलटी घातली तर घातलेलं सुटतं."

मालक पलीकडं उभे होते. ते सवयीनं म्हणाले, "पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. त्या क्रमानं."

मी तसं केलं. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. सात वळसे झाले. अक्कांनी हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते आणि मध्येच थांबले, जणू एका जन्मापाशी मोजणी अडली. मालकांनी तोंड फिरवलं.

गुंडीत सूत उरलं होतं. ते माझ्या हातात होतं आणि माझी नजर कोनाड्यातल्या नारळाकडं गेली. मी तो घेतला. शेंडी वर धरली. धारवाडच्या कुंकवावर अंगठ्यानं सुताचं टोक दाबलं आणि त्यांचा रस्ता गुंडाळत गेलो. एडन, सुएझ, लंडन, न्यूयॉर्क, तो कोळशाचा मोठा समुद्र, योकोहामा, कोलंबो, पुन्हा कुंकू. मग नारळ डब्याशेजारी धरला. दोन्ही सुतं बघितली. पुन्हा बघितली. मला वाटत होतं तेच दिसत होतं, आणि आता ते बोलावं लागणार होतं.

"अक्का," मी म्हणालो, "मला एक विचारायचं होतं. चुकलं तर माफ करा."

"विचार की."

"तुम्ही पश्चिमेकडून गेलात. म्हणजे... हे बघा. डब्याला सूत जसं गेलंय, तसंच नारळाला गेलंय. एकाच बाजूनं." मी नारळ त्यांच्यापुढं धरला. "शेंडी वर ठेवली तर तुम्ही पृथ्वीला उजवीच घातलीत."

 मालक पुढं आले, माझ्या हातातून नारळ घेतला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, मग खाली ठेवून वरून बघितला. सुतावरून बोट फिरवत पुटपुटले, "पूर्व... दक्षिण... पश्चिम..." मग खुर्चीत बसले. एका माणसाचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता.

"आणि मी हिला पूर्वेकडून न्यायला निघालो होतो," ते म्हणाले. "घातलेली सोडवायला. पंधरा वर्षं! दर वर्षी बोट शोधत होतो." त्यांनी नारळ मांडीवर धरला. "जन्मभर दिशा मोजल्या मी. बाजू कधी बघितलीच नाही." आणि मग अक्कांकडं वळून, एखादा परका शब्द जपून उच्चारावा तसं ते म्हणाले, "उजवी. अगं, उजवी घातली आपण."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

अक्का नारळाकडं बघत होत्या. त्या अशा फसणाऱ्या नव्हत्या. "एकच फेरी झाली पण. सात लागतात."

मी खाली बघितलं. हे मला सुचलंच नव्हतं.

"त्या एका फेरीला सात महिने लागले," मालक म्हणाले.

अक्कांच्या ओठांच्या कडा हलल्या. "आणि वड? सगळे आत आले का?"

"जगात जेवढे आहेत तेवढे," मी म्हणालो. "आपल्या चढणीवरचा पण. तिथूनच निघालात, तिथंच गाठ बसली."

"हा सहा पानांचा?"

"हाही. तेव्हा बी असेल कुठल्या तरी पाखराच्या पोटात."

त्यांनी हात पुढं करून रोपाच्या एका पानावरची धूळ पुसली. अंगणाबाहेरून कुणाचा तरी बैल रंगवलेली शिंगं घेऊन, घुंगरं वाजवत गेला. ती ऐकू येईनाशी झाली. मग अक्का खुर्चीत मागं टेकल्या.

"तो बुधवार," त्या म्हणाल्या, "इरलि बिडु."

मी त्यांना जे सांगितलं ते शास्त्राला धरून होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. मी कोण ते सांगणार? नंतर कित्येक दिवस मला वाटत होतं की एखाद्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावं. विचारलं नाही. 'नाही' असं उत्तर आलं असतं तर ते मी कुठं ठेवलं असतं?

अक्का माघात गेल्या. सकाळी अकराला, डेकवर, सरबताचा पेला हातात असताना. मालक म्हणाले की त्यांनी पेला आधी खाली ठेवला, पट्टी ठोकलेल्या फळीवर, आणि मग मान टेकली. त्या दिवशी देवघरात म्हाताऱ्या गोऱ्या बाईची जाड वात लावली होती. ती खरोखरच सावकाश जळली.

परीक्षा संपली तेव्हा मी सामान बांधलं. निघायच्या दिवशी मालक स्वयंपाकघरात उभे होते, हातात तोच नारळ. सूत अजून त्यावर होतं. "जग जुनं झालंय," ते म्हणाले. "ती असती तर केव्हाच फोडलं असतं. फोडा."

मी सुताचं टोक शोधायला लागलो. त्यांनी माझा हात धरला. "उलगडायचं नाही. उलटं फिरवावं लागेल. वरून काढा, शेंडीकडून." दोघांनी मिळून तो वळसा तसाच्या तसा वर सरकवून काढला. त्यांनी तो वातींच्या डब्यात ठेवला.

खोबरं वाळलं होतं, पण चांगलं होतं. मी हिरवी मिरची घालून पाट्यावर चटणी वाटली. भाकरी त्यांनी केली. एका कडेनं करपली. आम्ही दोघं डेकवर जेवायला बसलो, तिसरी खुर्ची नव्हती म्हणून मी अक्कांच्या खुर्चीत बसू की नको असा घोटाळलो, आणि शेवटी पायरीवर बसलो. डब्यातल्या वडाला एव्हाना अकरा पानं झाली होती.

पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं. "चटणीत मीठ विसरलो," मी म्हणालो. "आणू का?"

मी वाट बघत होतो की ते आता सांगतील, मीठ कुठल्या दिशेच्या कोनाड्यात आहे.

ते पश्चिमेकडं बघत चावत राहिले.

"इरलि बिडु," मालक म्हणाले.